दहावीला ऑटोमोबाइल विषय होता, आता अकरावी सायन्स की पॉलिटेक्निक की आयटीआय? नागपूरकरांनी सांगा

मानेवाड्याची_आई

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच इथे लिहून राहिली, थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा प्लीज, कारण यावरून घरात रोज वाद होऊन राहिले.

माझ्या मुलाला दहावीला ७४ टक्के पडले. अनुदानित मराठी शाळा आहे. तिथे नववीपासून व्यवसाय शिक्षणाचा विषय आहे, एनएसक्यूएफ म्हणतात त्याला, यानं हिंदीच्या जागी ऑटोमोबाइल घेतला होता. मला तेव्हा वाटलं मार्क मिळायला सोपा असेल म्हणून घेऊन राहिला. पण दोन वर्षांत पोरगा बदलला हो. दहा हाका मारल्यावर उठणारा मुलगा रविवारी सकाळी सहाला पोर्चमध्ये बाबांची जुनी गाडी उघडून बसलेला असतो, खाली पेपर अंथरतो आणि एकेक नट ज्या क्रमानं काढला त्याच क्रमानं मांडून ठेवतो, म्हणजे लावताना उलट क्रमानं हातात येतो म्हणे. मागच्या महिन्यात शेजारच्या काकांची स्कूटर सकाळी स्टार्टच होत नव्हती, तर यानं प्लग काढून दाखवला, पूर्ण काळा, काजळी धरलेला. म्हणाला काका हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाऊन राहिलं, एअर फिल्टर बघा आधी. फिल्टर खरंच मातीनं चोंदलेला निघाला. पंधरा वर्षांच्या मुलाला इतकं कळतं हे मला त्या दिवशी समजलं.

आता सगळे म्हणून राहिले की ७४ टक्के आहेत तर अकरावी सायन्स घ्या आणि इंटिग्रेटेड क्लास लावा. म्हणजे नाव एका कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये. दोन वर्षांचे एक लाख साठ हजार सांगितले. यांचा हिंगणा एमआयडीसीत कंत्राटी जॉब आहे, तेवढे पैसे आणायचे म्हणजे सोनं मोडावं लागेल. जेठ म्हणतात सायन्स नाही घेतलं तर पोराचे हात आयुष्यभर काळेच राहतील. मुलगा म्हणतो पॉलिटेक्निक, मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल. आणि शाळेतल्या एका सरांनी आयटीआय सुचवलं.

मला एवढंच विचारायचं आहे की त्या शाळेतल्या विषयाचा पुढे काही उपयोग होतो का? आणि आज पॉलिटेक्निक किंवा आयटीआय घेतलं आणि उद्या मुलाला इंजिनिअर व्हावंसं वाटलं तर रस्ता बंद झालेला असतो का? हे मला कोणीच नीट सांगून नाही राहिलं.

---

डिप्लोमा_शिकवतो

ताई, एकोणीस वर्षांपासून पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण दरवर्षी जून महिन्यात माझ्यासमोर बसून किमान पन्नास पालक हाच प्रश्न विचारतात. रस्ता बंद होत नाही. अजिबात नाही.

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. प्रवेश दहावीच्या मार्कांवर, वेगळी परीक्षा नाही. डिप्लोमा झाला की थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग डिग्री, आणि तिथे सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, द्यावी लागत नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागते. दहा अधिक दोन अधिक चार म्हणजे सोळा, आणि दहा अधिक तीन अधिक तीन म्हणजेही सोळाच. वर्ष वाया जात नाही. उलट डिप्लोमाचा मुलगा तीन वर्षांनी थांबू शकतो, त्याच्या हातात नोकरीला चालणारा कागद असतो. बारावी सायन्स करून सीईटीत कमी पर्सेंटाइल आले तर त्या मुलाच्या हातात त्या दिवशी काय असतं हे स्वतःला विचारून बघा.

आता जे बंद होतं तेही सांगतो, लपवत नाही. डिप्लोमा घेतला की नीटचा रस्ता गेला, त्याला बारावी फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी पाहिजे. एनडीएला बारावी पाहिजे. मुलाच्या मनात यापैकी काही असेल तर डिप्लोमा नको.

आणि एक गोष्ट पालक ऐकतात पण मनावर घेत नाहीत. डिप्लोमाचं पहिलं वर्ष मराठी शाळेतून आलेल्या मुलाला फार जड जातं. गाडी उघडता येते म्हणून मेकॅनिकल येईल असं नाही, पहिल्या वर्षी गणित आणि ड्रॉइंग छळतं. एमएसबीटीईनं, म्हणजे डिप्लोमाची परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळानं, मराठी इंग्रजी द्विभाषिक शिकवायचा पर्याय आणला आहे त्यानं थोडा आधार झाला, पण पुस्तकातला शब्द ओळखीचा झाला म्हणजे गणित सुटतं असं नाही. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात की ज्यांचा हात सोन्यासारखा आहे आणि पहिल्या सेमिस्टरला तीन विषय राहिलेत, आणि ती मुलं सोडून जातात तेव्हा मला झोप लागत नाही. म्हणून आतापासून सुट्टीत त्रिकोणमिती आणि बीजगणित पक्कं करून घ्या. गाडी रविवारी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कोणी द्यावं, त्या विषयाचा माझा अनुभव कमी आहे.

---

बुटीबोरीचा_फिटर

ताई मी आयटीआयवाला आहे, मले तं लिहायचंच होतं.

दहावीले ५८ टक्के होते. घरी म्हणाले आयटीआय कर नाही तं शेती कर. श्रद्धानंदपेठेत शासकीय आयटीआय आहे ना आपलं, तिथे फिटर ट्रेड घेतला, दोन वर्षांचा. पहिले सहा महिने फाइलिंग. म्हणजे एक लोखंडाचा चौकोनी तुकडा वाइसमध्ये धरायचा आणि कानस मारत राहायचं, मंग गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, मधातून उजेड दिसला तर परत. मले वाटे हे काय चाललं, पोट्टे तिकडे कॉलेजात गाड्या फिरवून राहिले आणि मी इथे लोखंड घासून राहिलो. पण आता कंपनीत नवीन डिग्रीवाला पोरगा येते आणि त्याले शंभरावा हिस्सा मिलिमीटर म्हणजे किती हे बोटाले कळत नाही, तवा समजते ते सहा महिने कशासाठी होते.

आता कामाचं सांगतो. दहावी पास अधिक दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाले ॲडमिशन मिळते. हे मले आयटीआय होईपर्यंत माहीतच नव्हतं! एका सिनियरनं चहाच्या टपरीवर सांगितलं. म्हणून मी डिप्लोमा केला, मंग तीन वर्षं नोकरी, मंग डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाले गेलो, आत्ता झाली डिग्री. वेळ लागला पण कोणाचं कर्ज नाही डोक्यावर.

पण सांभाळा, यात एक खड्डा आहे. ट्रेड दोन वर्षांचा पाहिजे. डिझेल मेकॅनिक हा एक वर्षाचा आहे, वेल्डर एक वर्षाचा आहे. गाडीची आवड आहे म्हणून पोरं डिझेल मेकॅनिक घेतात कारण लवकर संपते, आणि मंग दुसऱ्या वर्षाची उडी मारता येत नाही. मोटर व्हेईकल मेकॅनिक दोन वर्षांचा आहे तो घ्या. आता मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल म्हणून पण दोन वर्षांचा ट्रेड आला आहे, कोणत्या आयटीआयत आहे ते पोर्टलवर पाहा. आणि नागपूरच्या आयटीआयत विमानाचा स्ट्रक्चर फिटर पण शिकवतात, दसॉ या फ्रान्सच्या विमान कंपनीच्या मदतीनं सुरू झाला तो, आपल्या विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानाचं काम आहे म्हणून.

दुसरं म्हणजे आयटीआय झाल्यावर बोर्डाचे दोन भाषा विषय पास केले तर बारावीची समकक्षता भेटते. आमच्या बॅचमध्ये कोणीच नाही घेतली कारण कोणी सांगितलंच नाही.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप जरूर करा. रेल्वेत मोतीबागले भरती निघते, दहावीचे आणि आयटीआयचे मार्क पाहून घेतात. पण ७४ टक्के असतील तर मी तं म्हणेन आधी पॉलिटेक्निकचाच फॉर्म भरा. माझ्या रस्त्यानं जायची गरज त्याले नाही.

---

धरमपेठ_१२वी_आता_इंजि

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका कोणी.

मी सायन्स घेतलं होतं, टायअप म्हणजे तो इंटिग्रेटेड क्लास नव्हता लावला, साध्या कॉलेजात गेलो आणि संध्याकाळी एका सरांकडे फक्त मॅथ्स. आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला असं वाटतं की पंधराव्या वर्षी मुलाला काय आवडतं त्यावर सगळं ठरवू नये. मला दहावीला क्रिकेट आणि गाड्या आवडायच्या, अकरावीत फिजिक्सचे एक सर भेटले आणि सगळं फिरलं. बारावी सायन्स केलं की इंजिनिअरिंग, बीएससी, आर्किटेक्चर, एनडीए, ॲग्री सगळं उघडं राहतं, आणि डिप्लोमाला जायचं झालं तरी बारावीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

सीईटीचा बाऊ करतात लोक. पीसीएमचा, म्हणजे फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्सचा पेपर २०० मार्कांचा, निगेटिव्ह मार्किंग नाही, अकरावीचं वजन फक्त २० टक्के. बोर्डाचं पुस्तक तीन वेळा वाचलं तर सरकारी नाही तरी बरं कॉलेज मिळतं. जेईईसाठी क्लास लागत असेल, सीईटीसाठी दीड लाख लागत नाही.

आणि आईंनी एक गोष्ट शोधावी, बायफोकल. अकरावी बारावी सायन्समध्येच २०० मार्कांचा टेक्निकल विषय घेता येतो, दुसरी भाषा आणि एक विषय सोडून. सगळ्यांना फक्त कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक्स माहीत असतं, पण त्या यादीत मेकॅनिकल मेंटेनन्स आहे आणि चक्क स्कूटर अँड मोटरसायकल सर्व्हिसिंग नावाचा विषय आहे! तुमच्या मुलासाठीच केल्यासारखा. कमी कॉलेजांत आहे, पण फॉर्म भरायच्या आधी चौकशी करा.

---

मानेवाड्याची_आई

स्कूटर सर्व्हिसिंगचा विषय बारावी सायन्सला असतो?? हे मी आत्ता मुलाला वाचून दाखवलं तर तो जेवता जेवता उठून आला.

@बुटीबोरीचा_फिटर दादा, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. ते एक वर्ष आणि दोन वर्षाचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, शाळेतल्या सरांनी डिझेलच सुचवलं होतं.

---

व्होकेशनल_ट्रेनर_विदर्भ

ताई तुमच्या पहिल्या प्रश्नासाठी मी योग्य माणूस आहे. मीच तो, शाळेत ऑटोमोबाइल शिकवणारा. तुमच्या मुलाच्या शाळेत नाही, दुसऱ्या.

तुमच्या मुलानं नट क्रमानं मांडून ठेवले ना, ते आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो. वाचून किती बरं वाटलं सांगू शकत नाही.

विषयाचा उपयोग होतो का? कागदावर सांगतो आणि मग वर्गातलं सांगतो. कागदावर हा विषय नववी ते बारावी चढत जाणारा आहे, अभ्यासक्रम भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेचा, बोर्डाच्या मार्कशीटवर मार्क येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर लिहिलं आहे की २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख झाली पाहिजे. त्याच धोरणात हेही लिहिलं आहे की आपल्याकडे १९ ते २४ वयातल्या पाच टक्क्यांपेक्षा कमी कामगारांनी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेलं होतं, आणि जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. म्हणजे धोरण लिहिणाऱ्यांना दुखणं बरोबर माहीत आहे.

वर्गातलं असं आहे की माझ्याकडे पंचवीस मुलं आणि एक इंजिन. एक मुलगा पाना लावतो आणि चोवीस बघतात. आम्ही ट्रेनर सगळे कंत्राटी, एजन्सीमार्फत, पगार कधी तीन महिन्यांनी होतो, एका वर्षी शाळा सुरू झाली आणि आमची ऑर्डर आली दिवाळीच्या तोंडावर. तेवढे महिने मुलांचा तास रिकामा. मी माझ्या मित्राच्या गॅरेजमधून बाद झालेला क्लच प्लेटचा सेट, जुनं कार्ब्युरेटर, ब्रेक शू अशी पिशवी भरून शाळेत नेतो आणि बाकावर ठेवतो, तेव्हा मुलांचे डोळे बघा.

पण सगळ्यात मोठी अडचण दहावीनंतर येते. मुलगा दहावी पास होतो आणि शाळा संपते. तो विषय अकरावीत पुढे नेण्याची सोय धोरणात आहे, पण ज्या ज्युनियर कॉलेजात तो जातो तिथे तो विषय नसतो. म्हणजे दोन वर्षं जिना चढवला आणि तिसऱ्या पायरीला भिंत! दोन वर्षांत जे कमावलं ते त्याच्या हातात राहतं, पण पुढच्या कॉलेजात त्याची नोंद घेणारं कोणी नाही. मला वाटतं सरकारनं नवीन काही आणायच्या आधी एवढंच करावं, ज्या शाळेत विषय आहे तिच्या पाच किलोमीटरात एका तरी ज्युनियर कॉलेजात तो अकरावीला द्यावा. दहा वर्षं झाली मी हे प्रत्येक बैठकीत बोलतो.

तुमच्या मुलाला माझ्याकडून सांगा, शाळेतून विषयाचं प्रमाणपत्र आणि प्रॅक्टिकलची फाइल मागून घे आणि जपून ठेव. इंटर्नशिपला गॅरेजवाल्याला ती फाइल दाखव.

---

कलचाचणी_बॅच

ट्रेनर सरांचं वाचून आठवलं. २०१६ साली बोर्डानं दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी पहिल्यांदा घेतली, आम्ही त्याच बॅचचे. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. माझा कल निघाला ललित कला. मी तो कागद घरी नेऊन दिला तर आईनं विचारलं, याचं कॉलेज कुठे असतं? शाळेत विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे हे मला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला कळलं.

चाचणी चांगली होती मनापासून सांगते. पण चाचणी झाल्यावर पालकांसोबत बसून अर्धा तास बोलणारं एक माणूस प्रत्येक शाळेत पाहिजे होतं. ती चाचणी नंतर बंदच झाली. आता महाकरिअर पोर्टल आहे, २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीनं सुरू झालं, नववी ते बारावीच्या मुलांसाठी, कोर्स, कॉलेज, शिष्यवृत्ती सगळं आहे त्यावर. पण माझ्या मावसबहिणीच्या शाळेत कोणालाच त्याचं लॉगिन माहीत नाही. माहिती आहे हो, पण मुलापर्यंत चालत कोण नेणार?

---

ज्यु_कॉलेज_मॅडम

मी अकरावी बारावीला केमिस्ट्री शिकवते. टायअपबद्दल बोलते कारण इथे कोणी त्यावर नीट लिहिलं नाही आणि ताई सोनं मोडायचं म्हणून राहिल्या.

माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर १२० नावं आहेत. बाकावर किती असतात? कधी अकरा, कधी सात. बाकीची क्लासमध्ये. २०१८ ला शासनानं सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता याच कारणानं, नागपूर विभागासाठी पण होता. मशीन भिंतीवर लागली. मुलं काही परत नाही आली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या आधी पंधरा दिवस ही मुलं येतात आणि ब्युरेट कसं धरायचं ते विचारतात. बारावीच्या मुलाला टायट्रेशन करताना शेवटचा थेंब टाकल्यावर रंग बदलतो तो क्षण दिसलाच नाही, एमसीक्यूमध्ये मात्र उत्तर बरोबर येतं. मला याचं फार वाईट वाटतं.

ताई, सायन्स घ्यायचंच असेल तर घ्या, पण असं कॉलेज बघा जिथे सकाळी अकराला लॅब उघडी असते. ॲडमिशनच्या आधी एक दिवस स्वतः जाऊन बघा, कोणाला विचारू नका, सरळ लॅबच्या दारात उभ्या राहा.

आणि ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी असाल तर महाज्योती या सरकारी संस्थेचा फॉर्म भरा. मुख्यालयच आपल्या नागपुरात आहे. दहावी झालेल्या आणि अकरावी सायन्स घेणाऱ्या मुलांना जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन कोचिंग फुकट देतात, टॅब देतात, डेटा पण देतात. शहरातल्या मुलाला दहावीला ७० टक्के लागतात, ग्रामीणला ६०, मागच्या जाहिराती तरी अशाच होत्या. तुमच्या मुलाला ७४ आहेत. एक लाख साठ हजार कशाला घालता?

---

दोन_मुलींचा_बाबा

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझ्या मोठीच्या वेळी एवढं धावलो की लहानीच्या वेळी यादी पाठ होती.

तीन वेगळी पोर्टल आहेत, अकरावीचं वेगळं, डिप्लोमाचं तंत्रशिक्षणवाल्यांचं वेगळं, आयटीआयचं वेगळं. तिन्हीकडे फॉर्म भरता येतो, एक भरला म्हणून दुसरा बंद होत नाही. अकरावी आता २०२५-२६ पासून पूर्ण राज्यात ऑनलाइन झाली, नागपूर शहरात तर आधीपासूनच होती. पसंतीक्रम जास्तीत जास्त दहा कॉलेज. पण लक्षात ठेवा, पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर तिथे घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून उगाच नाव मोठं म्हणून पहिल्या नंबरवर टाकू नका.

शाळा सोडल्याचा दाखला ओरिजिनल एकच असतो! अकरावीत जमा केला आणि डिप्लोमाची फेरी लागली की तो परत काढायला आठ दिवस जातात. मला गेले होते. चार पाच ट्रू कॉपी आधीच करून ठेवा आणि ओरिजिनल अगदी शेवटी द्या.

कॅटेगरी असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर. नॉन क्रिमीलेअरची तारीख बघा, ३१ मार्चला संपतं, जुनं चालत नाही. कास्ट व्हॅलिडिटी डिग्रीला लागते, तर सायन्स घेतलं तर अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका, डिप्लोमा घेतला तर शेवटच्या वर्षाला. ऐनवेळी समितीच्या दारात उभं राहायची पाळी येते आणि सीट जाते, माझ्या डोळ्यासमोर एका पोरीची गेली.

फीचं म्हणाल तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर डिप्लोमाला पण शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिकवणी फी अर्धी होते, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. आणि टीएफडब्ल्यूएसच्या जागा असतात, त्यात शिकवणी फी पूर्ण माफ. ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांनी हे वाचा, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसी अशा डिग्रीला शिकवणी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर नाही मिळत. माझ्या मोठीला मिळाली, म्हणूनच लहानीला इंजिनिअरिंगचं विचारू शकलो.

बीबीए बीसीएला पण आता सीईटी आहे, २०२४ पासून. कॉमर्सवाल्यांच्या घरी अजून माहीत नसतं, बारावी झाल्यावर कळतं आणि मग सीईटी होऊन गेलेली असते.

---

मानेवाड्याची_आई

सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण खरंच धावपळ होती.

ओरिजिनल दाखला शाळेतून आणला आणि कोणालाच दिला नाही अजून. डिप्लोमाचा आणि अकरावीचा दोन्ही फॉर्म भरले. अकरावीत पहिल्या नंबरवर ते बायफोकल टेक्निकलवालं कॉलेज टाकलं, स्वतः जाऊन बघून आले, वर्कशॉपला कुलूप नव्हतं आणि आत दोन मुलं खरंच काम करून राहिली होती, तेवढं बघून पुरे झालं मला. मेकॅनिकल मेंटेनन्स आहे तिथे, स्कूटरवाला नाही. मुलगा थोडा नाराज झाला.

पण त्याचं मन पॉलिटेक्निकवरच आहे. शनिवारी यांनी सुट्टी टाकली आणि दोघं बापलेक सदरला शासकीय पॉलिटेक्निक बघून आले. परत आल्यावर हे जेठांना फोनवर म्हणाले की दादा, तिथून शिकलेला पोरगा आमच्या कंपनीत माझ्या साहेबाचा साहेब आहे. जेठ काही बोलले नाहीत, पण क्लासच्या पैशाचा विषय परत काढला नाही.

डिप्लोमा सरांनी सांगितलेली त्रिकोणमिती सुरू केली आहे. रोज दहा गणितं. कालची चार चुकली, रात्री अकरापर्यंत बसून परत केली. एक शंका आहे, ड्रॉइंगसाठी आधीच काही घेऊन ठेवावं का? दुकानात ड्राफ्टर, बोर्ड सगळं मिळून बरेच सांगितले.

---

डिप्लोमा_शिकवतो

काही घेऊ नका. कॉलेज सुरू झालं की शिक्षक यादी देतील, प्रत्येकाची वेगळी असते. आता फक्त पेन्सिल आणि पट्टी. रोज एक वस्तू घरातली घ्यायची, स्टीलचा डबा, नट, कप, काही पण, आणि समोरून, वरून, बाजूनं कशी दिसते ते तीन चित्रं काढायची. त्याला नट आवडतात, नटापासूनच सुरू करू दे.

---

बुटीबोरीचा_फिटर

ताई मिनी ड्राफ्टर तं घेऊच नका, माझा घरी पडून आहे, एकदम ठीक आहे, फक्त एक स्क्रू ढिला आहे तो तुमचा पोरगाच कसून घेईल. इन्बॉक्स करा, रविवारी मानेवाड्याकडे येणारच आहे मी.